तीन तासांत दत्तक

सूर्य डोक्यावर यायला थोडाच अवकाश आहे. तुम्ही रोमच्या फोरममध्ये उभे आहात. साल इसवी सनापूर्वी 59, महिना मार्च. अंगात लोकरीचा जाडाभरडा अंगरखा आहे आणि तो मानेला टोचतोय. टोगा तुम्हाला मिळालेला नाही. तो नागरिकांनी नेसायचा. तुम्ही इथले नागरिक नाही, म्हणून तुम्हाला मतही नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्यांना मत आहे असे कितीतरी लोक आत्ता तुमच्या अंगाला अंग घासून चाललेत. त्यांनाही आज कोणी काही विचारणार नाही. तरी दिवस मावळायच्या आत सरकारदरबारी असं ठरलेलं असेल की रोमच्या जनतेला विचारलं होतं आणि जनता हो म्हणाली.

एक फुटाणेवाला ओरडत जातो. पलीकडे उघड्यावर न्यायालय भरलंय आणि तिथे जो माणूस बोलतोय त्याच्या आडनावातच हरभरा आहे. लॅटिनमध्ये हरभऱ्याला ‘सिसेर’ म्हणतात, त्यावरून सिसेरो. वय 46, अंगकाठी किरकोळ, आवाज मात्र मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचणारा. चार वर्षांपूर्वी हा कॉन्सल होता, म्हणजे वर्षभरापुरत्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक. तेव्हाचा त्याचा जोडीदार गाइयस अँटोनियस आज आरोपी आहे आणि सिसेरो त्याची बाजू मांडतोय. खटला हातचा जाणार हे गर्दीला कळलंय. बहुधा वकिलालाही कळलंय, कारण तो आरोपीला सोडून भलतीकडे वळतो आणि देशाचं काय चाललंय यावर तक्रारीचा सूर लावतो. नाव कुणाचं घेत नाही. घ्यायची गरजही नाही.

या वर्षीचे कॉन्सल दोन: जूलियस सीझर आणि बिब्युलस. त्यातला बिब्युलस घरात बसून आहे. सीझरच्या जमीनवाटपाच्या कायद्याला विरोध करायला गेला तेव्हा जमावाने त्याच्या डोक्यावर शेणाची टोपली ओतली आणि त्याच्या अधिकाराच्या काठ्या मोडल्या. तेव्हापासून तो घरातूनच जाहीर करतो, की मी आकाशाचे शकुन पाहतोय, सबब आज कोणतंही सार्वजनिक काम करता येणार नाही. कायद्याने त्याचं म्हणणं बरोबर आहे. सीझर तिकडे लक्ष देत नाही. लोक या वर्षाला ‘बिब्युलस आणि सीझर यांचं वर्ष’ न म्हणता ‘जूलियस आणि सीझर यांचं वर्ष’ म्हणू लागलेत.

रोमन लोक उजेडाचे बारा भाग करतात. मार्चमध्ये दिवस-रात्र जवळपास सारखी असल्याने त्यांचा तास आपल्या तासाएवढाच येतो. सिसेरोचं गाऱ्हाणं चाललंय ते साधारण सहाव्या तासाला, म्हणजे माध्यान्हीच्या सुमाराला. कुणीतरी ते शब्द तिखटमीठ लावून सीझरच्या कानी घालतं. सिसेरो पुढे म्हणेलच, की मी बोललो एक आणि पोचवलं भलतंच. तुम्हाला त्याची शहानिशा करायला वेळ नाही. नवव्या तासाला काय होतं ते पाहायचं असेल तर न्यायालय सोडून चला.

वाटेत पब्लियस क्लोडियसची ओळख करून घ्या. आज त्याला नवा बाप मिळणार आहे.

हा क्लॉडियस घराण्यातला. हे घराणं रोममधल्या सर्वांत जुन्या खानदानी घराण्यांपैकी एक, आणि ‘क्लोडियस’ हा त्याच नावाचा लोकांच्या तोंडी बसलेला रूप-उच्चार. यांच्याच एका पूर्वजाने, आंधळ्या आप्पियसने, इ.स.पू. 312 मध्ये आप्पियन मार्ग बांधायला घेतला. पोरगा हुशार, बोलका आणि बेछूट. तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात सीझरच्या घरी ‘बोना देआ’ या देवीची पूजा होती. केवळ बायकांची पूजा, पुरुषाची सावलीही चालत नाही. हा बायकी वेशात आत शिरला आणि पकडला गेला. सीझरने बायकोला सोडचिठ्ठी दिली. खटला उभा राहिला तेव्हा क्लोडियस म्हणाला, मी त्या दिवशी रोममध्ये नव्हतोच, कितीतरी मैलांवरच्या इंटेराम्नात होतो. सिसेरोने साक्ष दिली, की त्याच दिवशी हा माझ्या घरी आला होता. पंचांना पैसे चारले गेले, 31 विरुद्ध 25 मतांनी तो सुटला. पण सिसेरोचं नाव त्याने मनात कोरून ठेवलं.

सूड उगवायला त्याला एक पद हवंय: जनतेचा ट्रिब्यून. ट्रिब्यूनला सभा बोलावता येते, कायदा मांडता येतो, इतरांचे कायदे अडवता येतात. अडचण एकच. हे पद सामान्यांसाठी, प्लेबियनांसाठी राखीव आहे. पॅट्रिशियन, म्हणजे जन्माने खानदानी माणूस, तिथे उभाच राहू शकत नाही. गेल्या वर्षी त्याने एका ट्रिब्यूनकरवी स्वतःला सामान्यांत ढकलून घ्यायचा प्रयत्न केला होता. खुद्द त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने, तेव्हाचा कॉन्सल मेटेलस केलेरने, तो अडवला. आता मेव्हणा या जगात नाही.

मग उरतो एक रस्ता. खानदानी बाप बदलायचा आणि सामान्य बाप करायचा.

तुम्ही येऊन पोचता त्या मोकळ्या आवारात गर्दी नाहीच. फुटाणेवालाही इकडे फिरकलेला नाही, म्हणजे गिऱ्हाईक नाही हे त्याला ठाऊक आहे. समोर काही धर्माधिकारी, मध्ये सीझर. तो कॉन्सलही आहे आणि चार वर्षांपासून मुख्य धर्माधिकारीही, त्यामुळे आजचा विधी कुठे अडकला तरी सोडवणारा तोच. शकुन पाहायला पाँपे आलाय. पूर्वेकडची राज्यं जिंकून आलेला, रोमचा सर्वांत मोठा सेनापती. पण आज ऑगर, म्हणजे शकुन वाचणारा पुरोहित म्हणून. पक्षी कुठून उडाले ते सांगायचं काम. पक्षी आज योग्य दिशेने उडणार यात तुम्हाला शंका वाटत नाही.

आणि एका ओळीत तीस माणसं. हे लिक्टर, अधिकाऱ्यांचे चोपदार.

“एवढेच?” तुम्ही शेजारच्या म्हाताऱ्याला विचारता.

“एवढेच. हेच रोम,” तो म्हणतो आणि भिंतीच्या सावलीला सरकतो.

तो थट्टा करत नाहीये. रोमची सगळ्यांत जुनी लोकसभा ‘क्यूरिया’ नावाच्या तीस गटांची. प्रत्येक गटाला नाव, प्रत्येकाचे देव, प्रत्येकाचं एक मत. या तीस गटांपुढे जुन्या काळी मोठे प्रश्न यायचे. हळूहळू खरी सत्ता दुसऱ्या सभांकडे गेली आणि या सभेकडे उरले फक्त विधी. विधीला कोण येणार? मग प्रत्येक क्यूरियाच्या नावाने एक लिक्टर उभा राहू लागला. तीस क्यूरियांचे तीस चोपदार. ते हो म्हणतात. नाही म्हटल्याची नोंद तुम्हाला सापडणार नाही.

क्षणभर अडीचशे वर्षं मागे सरका. इ.स.पू. 310, हुकूमशहा पापिरियस कुर्सोर याला अधिकार द्यायचा आहे. तीस क्यूरियांत पहिलं मत कुणाचं ते चिठ्ठीने ठरतं. चिठ्ठी निघते फाउकिया नावाच्या क्यूरियाची आणि लोक चरकतात. गॉल लोकांनी रोम घेतलं त्या वर्षी पहिलं मत हिचंच होतं, आणि काउडियमच्या खिंडीत सैन्याने शरणागती पत्करली त्या वर्षीही. पापिरियस मतदान दुसऱ्या दिवसावर ढकलतो, पुन्हा शकुन पाहतो. अंधश्रद्धा म्हणा हवं तर. पण कोण आधी हो म्हणतंय याची जिथे एवढी धास्ती होती, तिथे विचारण्याला काहीतरी वजन होतं. परत या. इथे कुणी चरकत नाहीये.

आता विधी. स्वतःच्या घराचा कर्ता असलेला, बापाच्या सत्तेत नसलेला प्रौढ माणूस जेव्हा दुसऱ्याचा मुलगा होतो, तेव्हा त्याला लॅटिनमध्ये ‘आद्रोगातिओ’ म्हणतात. बापाच्या सत्तेतल्या मुलाला दत्तक देणं सोपं असतं. एका बापाच्या हातून दुसऱ्याच्या हाती. इथे मात्र एक अख्खं घर विझतं. त्याची मालमत्ता, त्याची माणसं, त्याचे कुळाचार सगळं नव्या बापाकडे जातं. म्हणून धर्माधिकाऱ्यांनी आधी चौकशी करायची असते. घेणाऱ्याला खरंच मूल नाही ना, आता होण्याची आशा संपली आहे ना? समोरच्याच्या इस्टेटीवर डोळा ठेवून तर हे चाललं नाही ना? दोन्ही घराण्यांच्या देवांचं काय होणार? क्विंटस म्यूकियस स्कायवोला या जुन्या मुख्य धर्माधिकाऱ्याने यासाठी एक शपथही घालून दिली होती.

तुम्ही घेणाऱ्याकडे पाहता. पब्लियस फोंतेइयस. विशीचा, कदाचित विशीच्याही आतला. लग्न झालेलं, पोराबाळांना सगळं आयुष्य पुढे पडलेलं. आणि ज्याला ओटीत घ्यायचं तो तिशी ओलांडून गेलेला, मुलगा बापापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. दत्तहोमाला बसलेला भटजीही इथे पळी खाली ठेवून चष्मा पुसायला लागला असता. सीझर काही पुसत नाही.

चौकशी होत नाही. कायदा मांडायचा तर तीन बाजारांचे दिवस आधी जाहीर करायचा दंडक आहे आणि इथे बाजार दर आठ दिवसांनी भरतो. म्हणजे निदान अडीच आठवडे. क्लोडियससाठी सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंतचा वेळ पुरला. पुढे सिसेरो नेमकं यावरच बोट ठेवेल: बाकीच्या कायद्यांना तीन बाजार लागतात, दत्तकाला तीन तास बास होतात काय?

आता कान द्या, कारण ज्या क्रियापदासाठी तुम्ही दोन हजार वर्षं मागे आलात ते आत्ता उच्चारलं जातंय. तीस लिक्टरांकडे तोंड करून ठरलेलं वाक्य म्हटलं जातं. आशय असा, की हा माणूस त्या माणसाचा कायद्याने तितकाच मुलगा व्हावा जणू त्या बापाच्या आणि त्याच्या घरच्या आईच्या पोटी जन्मला, आणि बापाला मुलाच्या जिवावर असते ती सत्ता याच्यावर असावी, अशी तुमची इच्छा आणि आज्ञा आहे का? शेवटी एक शब्द येतो, ‘रोगो’. मी विचारतो.

रोगाशी त्याचा काही संबंध नाही. ‘रोगारे’ म्हणजे विचारणं, मागणं. रोमचं सगळं सार्वजनिक जीवन या एका क्रियापदावर टेकलेलं आहे. इथे कायदा हा हुकूम नसतो, प्रश्न असतो. अधिकारी विचारतो आणि लोक पाटीवर एक अक्षर कोरून उत्तर देतात: ‘तू विचारतोस तसं’ किंवा ‘जुनं तेच राहू दे’. मंजुरीला आलेल्या कायद्याला म्हणूनच ‘रोगातिओ’ म्हणतात. तोच धातू पुढे उपसर्ग लावून कायद्याची सगळी कामं करतो. लोकांना विचारून कायदा काढून टाकला की ‘आब्रोगारे’. त्यातलं एखादं कलम तेवढं उडवलं की ‘देरोगारे’. सेनापतीची मुदत वाढवली की ‘प्रोरोगारे’. आणि माणूस आपल्या घरात आणायला लोकांना विचारलं की ‘आद्रोगारे’, ‘आद्’ म्हणजे ‘कडे’. पुढे दुसऱ्या शतकात गाइयस नावाचा कायदेपंडित विद्यार्थ्यांना शिकवताना या विधीतले तीन प्रश्न मोजून दाखवेल. बापाला विचारायचं, तुला हा मुलगा हवा का? मुलाला विचारायचं, तुला चालेल का? आणि लोकांना विचारायचं, असं व्हावं का?

हाच शब्द रोमन माणूस आणखी एका अर्थाने वापरतो. ‘सिबी आद्रोगारे’, स्वतःसाठी आद्रोगारे: जे आपलं नाही ते आपलं म्हणणं. अधिकार, शहाणपण, कीर्ती, दुसऱ्याने मिळवलेलं यश. एका अर्थातून दुसरा निघाला असं छातीठोक सांगता येणार नाही. एकाच बुंध्याचे दोन फाटे आहेत एवढं खरं. पण आजच्या दुपारी ते दोन्ही एकाच आवारात उभे आहेत. प्रश्न विचारण्याची सगळी सामग्री हजर आहे. शकुन, धर्माधिकारी, ठरलेलं वाक्य, तीस जण. नाही फक्त तो, ज्याला विचारलंय. अर्जदार आणि मंजूर करणारा एकच असला की अर्ज फेटाळला जायचा प्रश्नच येत नाही.

आपल्याकडे या कामाला शब्द भरपूर आहेत. बळकावणं म्हटलं की दंड दिसतात, लाटणं म्हटलं की लबाडी, हडपणं म्हटलं की तोंड. त्यांत विचारण्याचा भाग कुठे नाही. आपल्याकडचा बळकावणारा निदान विचारल्याचं नाटक करत नाही. इंग्रजीने लॅटिनकडून सोळाव्या शतकात ‘ॲरोगेट’ घेतला तो याच अर्थाने, बिनहक्काचं आपलं म्हणणे. ‘ॲरोगंट’ म्हणजे उर्मट, हा त्याचा भाऊ, आणि तो इंग्रजीत त्याच्याही आधी येऊन बसला होता. दोघांच्या पोटात ‘विचारणं’ आहे हे वापरणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसतं.

लिक्टर हो म्हणतात. क्लोडियस प्लेबियन झाला. नवा बाप लगेच मुलाला स्वतःच्या सत्तेतून मोकळं करतो. मुलाने ना फोंतेइयसचं नाव घेतलं, ना त्याचे देव, ना इस्टेट. घरी गेल्यावर तो बापाच्या पाया पडला असेल असं मला वाटत नाही.

पुढचं भराभर पाहा. अवघ्या महिन्याभरात, एप्रिलमध्ये, क्लोडियस आणि सीझर यांचं फिसकटतं. क्लोडियस म्हणतो, मी निवडून आलो की सीझरचे सगळे कायदे मोडीत काढणार. आणि सीझर काय म्हणतो? त्याच्या दत्तकाचा ठराव मी मांडलेलाच नाही! ही बातमी सिसेरोला आप्पियन मार्गावरच्या एका मुक्कामावर कळते आणि तो ती पत्राने मित्राला कळवतो. स्वतः पुरोहित बनून लावलेल्या विधीची मुख्य धर्माधिकाऱ्याला महिन्याभरात आठवण राहत नाही. पुढे दोघांची पुन्हा दिलजमाई होते आणि आठवणही परत येते.

10 डिसेंबरला क्लोडियस ट्रिब्यून म्हणून पदावर बसतो. गरिबांना सरकारी धान्य फुकट, हा त्याचा कायदा. रोममध्ये याआधी ते स्वस्त मिळायचं, फुकट कधीच नाही. मग नागरिकाला खटल्याशिवाय मारणाऱ्याला हद्दपार करण्याचा कायदा. नाव कुणाचंच नाही, रोख मात्र सिसेरोवर, कारण कॉन्सल असताना त्याने कटवाल्यांना खटल्याशिवाय फाशी दिलं होतं. सिसेरो शहर सोडतो. पॅलटाईन टेकडीवरचं त्याचं घर पाडलं जातं. पस्तीस लाख सेस्टर्स मोजून क्राससकडून घेतलेलं ते घर. त्या जागेच्या एका भागावर क्लोडियस देऊळ बांधतो, स्वातंत्र्यदेवीचं.

इ.स.पू. 57, सप्टेंबरचा शेवटचा दिवस. त्या काळी सप्टेंबर 29 दिवसांचा. सिसेरो परत आलाय आणि धर्माधिकाऱ्यांपुढे घराची जागा मागतोय. तुम्ही मागे उभे राहा. आजचं भाषण पुढे शतकानुशतकं वाचलं जाईल आणि त्यातला बराच राग त्या दुपारबद्दल आहे. बापाचं वय काय आणि मुलाचं काय? धर्माधिकाऱ्यांना विचारलं का? बिब्युलस आकाश पाहत होता ना? तू क्लॉडियसचे देव सोडलेस, फोंतेइयसचे घेतले नाहीस, मग तू कुणाचा? दत्तक खोटं, म्हणून ट्रिब्यूनपद खोटं, म्हणून सगळे कायदे खोटे. चढत चढत तो इथवर येतो आणि समोर बसलेले धर्माधिकारी पायांकडे पाहू लागतात. त्यांच्यातल्या मुख्याने, सीझरने, ते दत्तक लावलं होतं. तो सध्या गॉलमध्ये आहे, पण त्याच्या गैरहजेरीचा धाक हजेरीपेक्षा कमी नाही.

ते दत्तकाला हात लावत नाहीत. निकाल देतात तो एवढाच, की त्या जागेचं देवार्पण लोकांनी नाव घेऊन सोपवल्याशिवाय झालं असेल, तर जागा परत देता येईल. पुन्हा तोच प्रश्न: लोकांना विचारलं होतं का? घराची किंमत कॉन्सल वीस लाख ठरवतात. सिसेरो कुरकुरतो, पण घेतो.

आणि मग केटो येतो. त्याच्यापुढे लाच ठेवायला लोक धजत नाहीत, असा माणूस. क्लोडियसने कायदा करून त्याला सायप्रसवर पाठवलं होतं. रोमने ते बेट गिळायचं ठरवलं, तिथल्या राजाने विष घेतलं आणि केटो इ.स.पू. 56 मध्ये जवळपास सात हजार टॅलेंट चांदी जहाजांत भरून परत आला, पै न पै हिशेबाची. आता सिसेरो म्हणतो, क्लोडियसचा कोणताच कायदा खरा नव्हता. केटो उठतो आणि विरोध करतो. क्लोडियस प्लेबियन नव्हता तर माझी सायप्रसची नेमणूकही रद्द, हिशेबही रद्द, सगळी कष्टाची प्रामाणिक कामगिरी रद्द! या क्षणी मला सिसेरोपेक्षा केटोच जास्त अडकलेला दिसतो. खोट्या दत्तकाच्या पायावर खरी माणसं इतकी कामं उभी करून बसतात, की पाया उकरायला गेलं तर कुणाचं तरी खरं घर कोसळतं. सगळ्या बळकावलेल्या गोष्टींचं असंच होतं.

आपल्याकडे सातारा आणि झाशी दत्तकावरून गेली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा मुद्दा बरोबर उलटा होता. तिथे घेणारा बाप मरणशय्येवर होता, मूल मुलाच्या वयाचं होतं, विधी झाला होता. म्हटलं गेलं ते इतकंच, की आमची परवानगी घेतलेली नाही. परवानगी मागायला लावायचा हक्क तुम्हाला कुणी दिला, हे कंपनीला विचारायला लंडनपर्यंत जावं लागलं. पण तो वेगळा प्रवास.

इ.स.पू. 52 च्या जानेवारीत तुम्हाला आप्पियन मार्गावर फार वेळ थांबवत नाही. बोव्हिले गावाजवळ दोन टोळ्यांची गाठ पडते आणि क्लोडियस पूर्वजाने बांधलेल्या रस्त्यावर मारला जातो. लोक त्याचं प्रेत सिनेटच्या इमारतीत नेऊन बाकड्यांची चिता रचतात. इमारतच जळून जाते. त्याच वर्षी उन्हाळ्यात सीझरचे सैनिक गॉलमधल्या गर्गोव्हियाच्या चढावर हुकुमाबाहेर पुढे धावले. 46 सेंच्युरियन आणि सातशेला थोडे कमी सैनिक गमावले. दुसऱ्या दिवशी सीझरने त्यांना झापलं ते त्यांच्या ‘आद्रोगांतिया’बद्दल. विजयाचं शहाणपण सेनापतीपेक्षा आपल्याला जास्त आहे असं त्यांनी स्वतःच ठरवलं म्हणून. शब्द अचूक निवडलाय. तीस चोपदारांपुढे उभ्या राहिलेल्या माणसाने निवडलाय.

सीझरचा खून झाल्यावर त्याच्या मृत्युपत्रातला दत्तक पुत्र, बहिणीचा नातू ऑक्टेव्हियन, इ.स.पू. 43 मध्ये हाच क्यूरियांचा ठराव मागतो. मार्क अँटनीने तो काही काळ अडवून धरलेला असतो, कारण ठरावाने फक्त नाव मिळत नाही, बापाचे पैसे आणि बापाचे आश्रितही मिळतात. या वेळी ऑक्टेव्हियनच्या पाठीशी फौज आहे. ठराव होतो. मेलेल्या माणसाला ‘तुला हा मुलगा हवा का?’ असं कोण विचारणार, एवढी तुटी राहते.

इसवी सन 50 मध्ये सम्राट क्लॉडियस आपल्या बायकोच्या मुलाला दत्तक घेतो. मुलाचा खरा बाप दहा वर्षांपूर्वी वारलाय, म्हणून हेही आद्रोगातिओ. दरबारात कुळांचा इतिहास पाठ असलेले काही जाणते सांगतात, की क्लॉडियसांच्या खानदानी शाखेत बाहेरचा मुलगा आजवर आलाच नव्हता. मूळ पुरुषापासून वंश अखंड आहे. या घरातून बाहेर पडण्यासाठी एकाने तीन तासांत बाप शोधला होता. आत येणारा पहिला मुलगा आता बारा वर्षांचा आहे. त्याला घरचं नाव मिळतं, नीरो.

नंतर तीस चोपदारही निवृत्त होतात. तिसऱ्या शतकाच्या शेवटी डायोक्लेशियनच्या काळात आद्रोगातिओसाठी रोमला जावं लागत नाही, लोकांना विचारावंही लागत नाही. सम्राटाला अर्ज करायचा. त्याचं उत्तर आलं की ते लोकांनी दिल्यासारखंच.

तुमचा शेवटचा मुक्काम तिथला, इसवी सन 291, आणि तो फोरममध्ये नाही, अर्ज वाचणाऱ्या कारकुनांच्या फडात आहे. समोर सीरा नावाच्या एका बाईचा अर्ज आहे. तिची मुलं वारली आहेत. नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा आहे, त्याला मुलगा म्हणून घ्यायचंय. कायद्याचं म्हणणं स्पष्ट: बाईला दत्तक घेता येत नाही, कारण बाईला स्वतःच्या पोटच्या मुलांवरही बापासारखी सत्ता नसते. तिच्याकडे हक्क नावाची गोष्ट मुळातच नाही. तिच्या हाती शकुन नाहीत, सेनापती नाहीत, तीस माणसं नाहीत. तिने फक्त विचारलंय.

उत्तरात आधी कायदा तसाच लिहिला जातो: बाईला हे करता येत नाही, हे निश्चित. मग पुढचं वाक्य येतं. गेलेल्या मुलांच्या दुःखात तुला आधार हवा आहे, म्हणून तुझी इच्छा मान्य. तो मुलगा तुझ्याच पोटी जन्मल्यासारखा, तुझा खरा आणि कायदेशीर मुलगा मानला जाईल.